पाच मिनिटं एक सेकंद

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. तळहातात मावेल एवढा, रंगानं काळा, गळ्यात पिवळी दोरी आणि डोक्यावर दोन बटणं. उजवं दाबलं की मी धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. डावं दाबलं की सगळं पुसून शून्य. एवढंच माझं शिक्षण. किती वाजले हे मला विचारू नका. किती वेळ लागला ते विचारा, मी सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत खरं सांगेन. मला माझ्या खरेपणाचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. ज्याच्या गळ्यात मी दोन वर्षं राहिलो, त्या माणसानं मात्र मला रोज खोटं पाडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती एवढंच. शुद्धीवर आलो तो साताऱ्यात, राजपथावरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात. भरतीची तयारी करणारी पोरं यायची, मला हातात घ्यायची, चारदा चालू-बंद करायची आणि "बघू, परत येतो" म्हणून जायची. गिऱ्हाईक परत येतो म्हणालं की येत नाही, हे शहाणपण मला तिथंच आलं.

सयाजीनं मात्र मला पहिल्याच खेपेला उचललं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ मानेचा, बारीक मिशीचा माणूस. पेन्शनच्या कागदांसाठी साताऱ्याला आला होता. त्यानं मला मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, एक-दोन नव्हे, पुरती दहा मिनिटं. दुकानदार जांभया द्यायला लागला.

"पोरीसाठी पायजे," सयाजी म्हणाला. "एक सेकंद बी हिकडंतिकडं झालेला चालायचा न्हाई."

ते ऐकून माझी छाती फुगली. पुढं काय वाढून ठेवलंय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

तासगावजवळच्या एका गावात त्याचं घर होतं. तो, त्याची बायको आणि चौदा वर्षांची क्रांती. बायको बेदाण्याच्या शेडवर माल निवडायला जायची, सयाजी एका कोल्ड स्टोरेजवर पहारेकरी होता. क्रांती लांब पायांची आणि अबोल. वर्गात अंग चोरून बसायची, पण पळायला लागली की ते तिला जमत नसे. शेडमागच्या माळावर सयाजीनं टेप लावून तीनशे मीटरचा गोल आखला होता आणि दर रविवारी त्यावर पांढरी फक्की मारायचा. पाच फेऱ्या म्हणजे पंधराशे मीटर. तीच तिची शर्यत.

पहिल्या सकाळी ती पाचवी फेरी संपवून आली, सयाजीनं बरोबर रेषेवर बटण दाबलं. त्याचा अंगठा फार पक्का होता. मी दाखवलं पाच मिनिटं एकतीस सेकंद.

"किती?" क्रांतीनं गुडघ्यावर हात ठेवून विचारलं.

सयाजीनं मला मुठीत झाकलं. "पाच एकोणचाळीस," तो म्हणाला. "अजून लय बाकी हाय."

मी सुन्न झालो. वाटलं, म्हाताऱ्याला चष्मा लागलाय. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बरोबर आठ सेकंद तो वाढवून सांगायचा. आठच, कधी सात नाही, कधी नऊ नाही. ज्या माणसानं माझी दहा मिनिटं परीक्षा घेतली, तोच माणूस मला रोज तोंडावर पाडत होता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण इथं गोटा माझ्याच कपाळी. ती पाणी प्यायला वळली की तो मूठ उघडून माझ्याकडे एकटाच बघायचा आणि मिशीत हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

असं दोन वर्षं चाललं. क्रांती दहावीत गेली. पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात निवडीसाठी पंधराशे मीटर पाच मिनिटं पाच सेकंदांत पळावं लागे. सयाजीनं तो आकडा शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. पोर जीव तोडून पळायची. तिच्या हिशेबानं ती पाच अठरावर होती, मग पाच पंधरा, मग पाच बारा. माझ्या हिशेबानं ती त्या भिंतीवरच्या आकड्याच्या आत कधीच येऊन पोचली होती. मी सांगणार कसा? मला तोंड नाही, आणि चेहरा तर सयाजीच्या मुठीत.

सप्टेंबरातली ती सकाळ. आदल्या दिवसापासून सयाजी छाती चोळत होता. "पित्त झालंय," असं बायकोला म्हणाला होता. माणसं छातीतल्या दुखण्याला पित्त म्हणतात, हेही मी पाहिलं. त्या दिवशी क्रांती वेगळीच पळाली. चौथ्या फेरीला तिचे पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना. रेषेवर आली, अंगठा बसला, आणि मी थांबलो. पाच मिनिटं, एक सेकंद, अडतीस शतांश. माझ्या अंगावर उमटलेला तो तिचा सगळ्यात चांगला आकडा होता.

"किती पप्पा?"

सयाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात घामानं थंड पडला होता.

"पाच नऊ."

क्रांतीनं कमरेला बांधलेला नॅपकिन सोडून मातीत फेकला. "मला न्हाई जमत," ती म्हणाली. "रोज आपलं थोडं ऱ्हायलं, थोडं ऱ्हायलं. तुमीच पळा आता." आणि मागं न बघता घराकडे चालती झाली.

सयाजी बांधावर बसला. मूठ उघडून त्यानं मला पाहिलं, आणि या वेळी हसला ते मिशीत नव्हे, चांगला तोंडभर. मग मान वर करून त्यानं "क्रांते" अशी हाक मारली. हाक फार लांब गेली नाही. त्याला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही. मला वाटतं खरं सांगायचं होतं, पण जे पाहिलं नाही ते मी सांगत नाही. तो एका कुशीवर कलंडला. शेडवर आलेल्या बायकांनी पाहिलं तोवर उशीर झाला होता.

दवाखान्यातून मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आलो, किल्ल्या, चष्मा आणि रुमालाच्या संगतीनं. क्रांतीच्या आईनं पिशवी न उघडता ट्रंकेत टाकली.

आता माझी अवस्था समजून घ्या. माझ्या तोंडावर तो आकडा गोठला होता आणि तो खरा आहे हे जाणणारा माणूस गेला होता. बाहेर क्रांती काय समजून बसली होती ते मला पत्र्याच्या भिंतीआडून ऐकू यायचं. आई विचारायची, "दोन घास खा गं." ती म्हणायची, "माझ्यामुळं गेले. तोंड कडू करून गेले." दहा-दहा वेळा तेच. बाप आपल्यावर नाराज होऊन मेला, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. आणि मी दोन हातांवर, ट्रंकेच्या पोटात, उलटा. त्यात माझा सेल उतरत चाललेला. अंक खालून फिके पडायला लागले होते. कुणी चुकून डावं बटण दाबलं किंवा सेल संपला, की सयाजीची शेवटची गोष्ट कायमची पुसली जाणार होती.

बाराव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, गावातली माणसं चार शब्द बोलली. या घरी भांडी वाटायची पद्धत नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी वस्तू देतात. सयाजीचा धाकटा भाऊ विश्वजित माधवनगरला शिक्षक होता. मनानं भला माणूस, पण भली माणसं फार घाई करतात. तो उठून म्हणाला, "दादाचे बूट, ट्रॅकसूट आणि घड्याळ आपण भरतीच्या पोरांना देऊया. दादाला तेच आवडलं असतं."

आईनं ट्रंक उघडून पिशवी आणून दिली. भरतीच्या पोरांचा म्होरक्या जयराज पुढं आला. विश्वजितनं मला त्याच्या हातात ठेवलं. आणि स्टॉपवॉच हातात आलं की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. जुना आकडा पुसायला त्याचा अंगठा डाव्या बटणावर गेला. बटण थोडं खाली दबलंसुद्धा. माझा जीव टांगणीला लागला.

"दाबू नगंस."

बारा दिवसांत क्रांती चारचौघांत पहिल्यांदा बोलली होती. ती भिंतीजवळून उठली आणि मला जयराजच्या हातातून काढून घेतलं. "पप्पांनी थांबवलंय ते," एवढंच म्हणाली. तिला आकडा पाहायचा नव्हता. बापाचा शेवटचा हात जिथं लागला ती वस्तू तिला जशीच्या तशी हवी होती. मग तिची नजर माझ्यावर पडली. फिका का असेना, आकडा स्पष्ट होता.

ती मागच्या दारी दगडावर जाऊन बसली. मला वाटलं, झालं, आता सगळं कळलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण माणसाचं मन दुःखात असलं की त्याला चांगली बातमी खरी वाटत नाही. ती म्हणाली, "हात कापला असंल त्यांचा. मी रेषेवर यायच्या आधीच बटण दाबलं गेलं असंल." खरा आकडा तिनं खोटा ठरवला आणि खोटा आकडा छातीशी धरला.

कार्यक्रमाला सयाजीचा फौजेतला जोडीदार यल्लाप्पा जतकडून आला होता. एसटीवर ड्रायव्हर. तो हात धुवायला मागं आला तेव्हा तिनं मला त्याच्यापुढं धरलं आणि सगळं सांगितलं. यल्लाप्पा दगडावर टेकला.

"पोरी, ट्रेनिंगला आमचा उस्ताद कवाच खरा टायम सांगत नव्हता," तो म्हणाला. "आठ सेकंद वाढवूनच सांगायचा. म्हणायचा, जवानाला पोचलो असं कळलं की तो थांबतो. तुझा बाप त्याच्याच हाताखालचा."

"आठाचा हिशेब जुळतोय. पण बटणच आधी दाबलं गेलं असंल तर?"

"त्ये मी कसं सांगू? मी हितं नव्हतो."

"मग?"

"पळून बघ. घड्याळवाला परका पायजे. तुझ्या पायात पाच एक असंल तर सयाजी बघून गेला म्हणायचं."

त्या दिवसापासून क्रांतीची शर्यत बदलली. तिला ना पदक हवं होतं, ना पुणं. परक्या माणसाच्या घड्याळात तो आकडा निघाला, तर बाप सुखानं गेला. नाही निघाला, तर तोंड कडू करून गेला. सोळा वर्षांच्या पोरीनं एवढं ओझं घेऊन पळू नये, पण तिला सांगणार कोण? माझ्या डाव्या बटणावर तिनं चिकटपट्टी लावली. मोबाईलवर माझे चार फोटो काढले, तरी मला कुणाला हात लावू देईना.

आई तर पळण्याचं नावच काढू देत नव्हती. "त्या माळानं माझा माणूस खाल्ला," ती म्हणायची. क्रांती शाळेच्या वाटेवर, दप्तर पाठीला लावून पळायची.

ऑक्टोबरात सांगलीला जिल्ह्याची स्पर्धा झाली. मी तिच्या पिशवीत होतो. ती पिसाळल्यासारखी सुटली, पहिल्या फेरीत सगळ्यांना मागं टाकलं आणि तिसऱ्या फेरीत कोसळायच्या बेताला आली. कशीबशी दुसरी. विभागासाठी निवड झाली, पण पंचांनी वेळ सांगितली पाच मिनिटं बारा सेकंद. सोबतच्या मुली तिचं अभिनंदन करत होत्या आणि ती बसस्टँडवर मला मुठीत आवळून रडत होती. "बाराच. म्हंजी हात कापलाच हुता त्यांचा." दोन दिवस ती जेवली नाही. तेव्हा आईनं तिला धरून हलवलं आणि सगळं काढून घेतलं. त्या घड्याळातला आकडा, यल्लाप्पाचं बोलणं, सगळं. मग आईनं भाकरीचं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"बारा तर उपाशीपोटी पळून आलं," ती म्हणाली. "आता खाऊन पळ. आणि माळावर पळ. मी येते."

महिनाभर आई रोज माळावर उभी राहिली, ज्या बांधावर तो पडला त्याच्याकडे पाठ करून.

नोव्हेंबरात साताऱ्याला विभागीय स्पर्धा. आई पहिल्यांदाच मैदानात आली होती. क्रांतीनं रेषेवर जाताना मला तिच्या हातात दिलं. "धरून ठेव फक्त. बटण दाबू नको." बघा माझं नशीब. मोजण्यासाठी जन्मलेला मी, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत मला मोजायची मनाई. पिस्तूल वाजलं आणि आईची मूठ माझ्यावर मिटली. मला काही दिसेना.

मग मी आईच्या हातावरूनच शर्यत ऐकली. इथला गोल चारशे मीटरचा, म्हणजे पावणेचार फेऱ्या. पहिली फेरी, हात कोरडा. क्रांती घोळक्यात असावी, कारण आई पुटपुटत होती, "ऱ्हा तितंच, पुढं जाऊ नगं." दुसरी फेरी, घाम. तिसऱ्या फेरीला घंटा झाली, शेवटची फेरी सुरू झाली, आणि आईची नखं माझ्या दोरीत रुतली. "गेली... एक गेली तिच्याम्होरं... आणि एक... क्रांते, पळ गं बाई." मग एकदम गलका, आणि आईनं मला छातीशी आवळलं. मला वाटलं पोर पडली.

पडली नव्हती. चौथी आली होती. चौथ्याला साताऱ्यात पदक नसतं, राज्याचं तिकीट नसतं. क्रांतीनं पदकवाल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट पंचांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. आईही कठड्यातून वाट काढत तिथं पोचली. टोपीवाले पंच कागद बघत होते, त्यांना कसली घाई. पहिलीची वेळ वाचली, दुसरीची, तिसरीची. तेवढ्यात कुणीतरी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी एक घोट घेतला.

"चार नंबर. पाच मिनिटं, दोन सेकंद."

"परत सांगा सर," क्रांती म्हणाली.

"पाच दोन. पाच मिनिटं दोन सेकंद, बेटा. चांगलं आहे."

ती तिथंच खाली बसली. बाप गेल्यापासून आत साठलेलं रडू आता मोकळं झालं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. आईनं तिला कवेत घेतलं.

"म्हंजी त्यास्नी ठावं हुतं?" आईनं विचारलं.

"व्हय आई. त्यास्नी ठावं हुतं. बघून गेले ते."

"मग सांगितलं का न्हाई त्या माणसानं?"

क्रांतीचा चेहरा बदलला. बाप गेल्यापासून ती स्वतःवर चिडली होती. त्या दुपारी ती पहिल्यांदा त्याच्यावर चिडली. "एकदा तरी सांगायचं की वो पप्पा," ती म्हणाली. "मी थांबले नसते." आणि मला बरं वाटलं. इतकी वर्षं तो राग मी एकटाच बाळगून होतो.

परतताना एका घड्याळवाल्याकडे त्यांनी मला दाखवलं. तो म्हणाला, सेल बदलला की हा आकडा जाणार. आई नको म्हणत होती. क्रांतीनं स्वतः चिकटपट्टी सोलली, डाव्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबलं. मी शून्य झालो. मला वाटलं होतं दुखेल. नाही दुखलं.

आज मी क्रांतीच्या गळ्यात असतो. माझा एक कोपरा फुटलाय, दोरी दोनदा बदलली. त्या पाच दोनच्या जोरावर तिची पुण्याला निवड झाली. जूनमध्ये ती जाईल आणि तिथं माझ्यापेक्षा चांगली घड्याळं असतील. मी इथंच राहणार. ती जाण्याआधी तुमच्याशी एवढंच बोलायचं होतं. तुम्ही माणसं आपल्याच माणसांना त्यांचा खरा आकडा सांगत नाही. चढून जाईल, थांबेल, दृष्ट लागेल, अशी कारणं देता आणि मूठ झाकून एकटेच हसता. सयाजी वाईट नव्हता. त्याच्याइतकं माया करणारं माणूस मी पाहिलं नाही. पण त्याचं हसू त्याच्या लेकीनं कधी पाहिलं नाही, मी पाहिलं, आणि मी ते तिला दाखवू शकत नाही. सांगायचं ते सांगून टाका. सगळ्यांच्याच घरात माझ्यासारखा साक्षीदार नसतो.

जूनपर्यंत क्रांती माळावर गावातल्या चार मुलींना पळवते. त्यात प्रांजल म्हणून एक बारकी पोर आहे. काल ती पाचवी फेरी संपवून धापा टाकत आली.

"ताई, किती?"

क्रांतीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा अंगठा हळूच माझ्या तोंडावर आला, अगदी बापासारखा, आणि मी श्वास रोखला. मग तिनं दोरी गळ्यातून काढली आणि मला प्रांजलच्या तळहातावर ठेवलं.

"तूच बघ," ती म्हणाली.